घाईच्या संध्याकाळी अख्खा मसूर
चार माणसांना 1 वाटी अख्खे मसूर पुरतात. कामावरून आल्या आल्या धुऊन गरम पाण्यात अर्धा तास भिजत घाला. तोवर कणीक मळून होते. कुकरला 2 वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि मध्यम आचेवर दोनच शिट्ट्या. जास्त झाल्या की दाणा फुटतो आणि मसुराची आमटी होते.

कढईत 3 चमचे तेल, 2 मोठे कांदे बारीक चिरून. कांद्याला तपकिरी व्हायला 10 मिनिटं द्याच, खरी चव तिथेच येते. मग आलं-लसूण, 1 टोमॅटो. तेल सुटलं की आच मंद करून 2 चमचे कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी घाला, पाठोपाठ पळीभर पाणी. कडकडीत तेलात चटणी लगेच करपते आणि रस्सा कडवट लागतो. आता मसूर पाण्यासकट ओता. पाणी वाढवायचं तर उकळतंच. गार पाण्याने कट, म्हणजे वर येणारा तेलाचा तवंग, नीट येत नाही. चटणीत मीठ असतं, त्यामुळे आधी चाखा. 7-8 मिनिटं मंद उकळी पुरे.

लहान मुलं असतील तर चटणी निम्मी, सोबत दही. मोठ्यांना चपातीपेक्षा ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदाच द्या.