प्रजासत्ताक कुणी बुडवलं? तुम्ही विचारलंत म्हणून

रोमवर बोलून झालं की हा प्रश्न येतोच: रोमचं प्रजासत्ताक बुडवलं कुणी, सीझरने की त्याच्या वारसाने, पहिला सम्राट ठरलेल्या ऑगस्टसने? मी उत्तर द्यायच्या आतच विचारणारा म्हणतो, "सीझरनेच ना?" सीझरने सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडली ते, सिनेटमधला (रोमच्या बड्यांच्या सभेतला) त्याचा खून, ऑगस्टसने जिंकलेली ॲक्टियमची लढाई हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते पुन्हा उगाळत बसत नाही.

मला छळतं ते इ.स.पू. २२ हे साल. आदल्या वर्षी ऑगस्टसने कॉन्सलपद सोडलं होतं; कॉन्सल म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी. त्याच वर्षी त्याने स्वखर्चाने १२ वेळा धान्य वाटलं होतं, दर वेळी निदान अडीच लाख माणसांना. तसं त्यानेच लिहून ठेवलंय. मग टायबर नदीला पूर आला, साथ पसरली, धान्य मिळेना. लोकांची खात्री पटली की तो कॉन्सल नाही म्हणूनच हे ओढवलं. त्यांनी सिनेटरांना सभागृहात कोंडलं आणि धमकावलं: त्याला डिक्टेटर (संकटकाळी नेमला जाणारा सर्वाधिकारी) करा, नाहीतर इमारत तुमच्यासकट जाळू. ठराव झाला. डिक्टेटरचं मानचिन्ह असलेल्या २४ दंडजुड्या (छड्यांच्या मोळ्या) घेऊन लोक त्याच्याकडे गेले आणि विनवू लागले. त्याने अंगावरचं वस्त्र फाडलं, पण ते पद घेतलं नाही. धान्यपुरवठ्याची जबाबदारी तेवढी घेतली.

सीझरच्या खुनानंतर डिक्टेटरपद कायद्याने रद्द झालं होतं. तेच पद लोक ऑगस्टसच्या हाती द्यायला निघाले होते. त्याला त्याची गरजही नव्हती: ट्रिब्यूनचे, म्हणजे सामान्य लोकांच्या रक्षणासाठी असलेल्या अधिकाऱ्याचे, अधिकार, त्यात नकाराधिकारही, आदल्या वर्षीच मिळाले होते आणि सैन्यही त्याच्याच हाती होतं.

हे सांगितलं की कुणीतरी चिडून विचारतं, "म्हणजे दोष भुकेल्या माणसांचा?" नाही हो, तसं मी म्हणत नाही. प्रजासत्ताक कधी बुडालं याचं उत्तर म्हणून पूर्वी मी ठासून इ.स.पू. १३३ हे साल सांगायचे. जमीनवाटपाचा कायदा करणाऱ्या ट्रिब्यून टायबेरियस ग्राकसला सिनेटरांनी आणि त्यांच्या माणसांनी भर सभेत ठेचून मारलं, सोबत त्याचे सुमारे ३०० समर्थकही, आणि प्रेतं टायबरमध्ये फेकली. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं हे पाप मानलं जायचं, तरीही. ज्या सिनेटने हे केलं तिच्यासाठी लोकांनी का जीव टाकावा? हा मुद्दा मी आजही सोडलेला नाही. माझा कल लोकांकडेच आहे.

पण त्या दंडजुड्या लोकांनीच उचलल्या होत्या, आणि पूर ओसरल्यावरही ते थांबले नाहीत. पुढच्या वर्षासाठी त्यांनी एकच कॉन्सल निवडला आणि दुसरी जागा ऑगस्टससाठी राखून ठेवली. त्याने ती नाकारली, तेव्हा उरलेल्या दोन उमेदवारांवरून शहरात दंगल पेटली. भुकेने हे सगळं उलगडतं का? मला ते पुरेसं वाटत नाही, आणि दुसरं काही सापडलेलंही नाही.