कोय फोडली तेव्हा

मे महिन्यात एकदा सकाळी सातलाच तात्यांचा फोन आला. दापोलीच्या पुढे त्यांची हापूसची बाग आहे. "मॅडम, तुम्ही शिकवलंत तसं सगळं केलं हो. तरी पुण्याच्या गिऱ्हाइकाने आंबे परत घ्या म्हणून सांगितलं. साका निघाला, आतला गरच बिघडलेला."

मला ते फार लागलं. आदल्या वर्षी त्यांच्याच खळ्यात बसून मी बागायतदारांना काढणी शिकवली होती. ऊन चढायच्या आत काढा, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने काढा, देठ ठेवा, आंबा तापल्या जमिनीवर टाकू नका, लगेच सावलीत न्या. काढलेलं फळ जिवंत असतं, श्वास घेत असतं. त्याला जमिनीची धग लागली की साका वाढतो, हे मी वर्गातही वर्षानुवर्षं सांगत आले होते.

साक्याचं वाईट हे, की वरून काही कळत नाही. रंग सुरेख, वास घरभर. कापला की कोयीलगतचा गर फिकट पांढरट, स्पंजासारखा भुसभुशीत आणि आंबट. पैसे मोजलेल्या माणसाच्या ताटात तो उघडा पडतो.

शेवटच्या वर्षाची आठ मुलं घेऊन मी बागेत पोचले. तात्यांच्या माजघरात पेंढ्याच्या दोन आढ्या होत्या. एक वरच्या बागेतली, दुसरी खालच्या. गिऱ्हाइकाला गेलेले आंबे खालच्या बागेतले. दोन्ही आढ्यांतले तयार आंबे मी वेगवेगळ्या सुपांत काढून घेतले आणि मुलांना सुऱ्या दिल्या.

वरच्या बागेतले आंबे कापले. कोयीपर्यंत केशरी गर, एकातही दोष नाही. खालच्या बागेतला पहिलाच आंबा कापला आणि मुलं गप्प झाली. दुसरा बरा निघाला, तिसऱ्यात पुन्हा साका. तात्या खांबाला टेकून उभे होते, काही बोलत नव्हते. दोन्हींची काढणी त्यांनी एकाच पद्धतीने केली होती, सकाळी, सावलीत. माझ्या शिकवण्याप्रमाणे हा फरक पडायलाच नको होता.

"कोयी फोडा," मी म्हटलं.

कोयता आला. साका निघालेल्या आंब्याची कोय एका मुलीने कडेने अलगद उकलली आणि आतलं बी तळहातावर घेतलं. बियाच्या टोकाशी पांढरं मूळ बाहेर डोकावत होतं, तांदळाच्या कणीएवढं. सगळ्या कोयींत ते इतकं उघड दिसलं नाही, पण तीन-चारांत स्पष्ट होतं. चांगल्या आंब्यांच्या कोयीही फोडल्या. त्यातलं बी शांत होतं.

बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हेच मांडलं आहे: साक्याचं मूळ बियात आहे. फळ झाडावर असतानाच बी रुजायच्या तयारीला लागतं आणि भोवतालच्या गराची घडण बिघडते. मी ते वाचलं होतं, परीक्षेत प्रश्नही विचारला होता. पण बागायतदारांना सांगताना सगळा भर धगीवरच दिला. ही चूक माझी होती, आणि ती मी मुलांसमोर तात्यांना सांगितली.

मग विचारलं, "तात्या, खालची बाग उशिरा काढलीत का?"

"आठ दिवस. नेपाळी गडी गावाला गेले, माणूसच मिळेना. म्हटलं, झाडावर आहे तर बिघडतंय काय? उलट गोडी चढेल."

तिथेच उत्तर होतं. आंबा चौदा आणे तयार झाला, म्हणजे देठाशी खळगा पडून खांदे वर आले, तेव्हाच उतरवायला हवा होता. त्यापुढे झाडावर राहिला की साक्याची जोखीम वाढत जाते. नंतर कितीही सावली दिली तरी आत सुरू झालेलं मागे फिरत नाही.

खालच्या बागेत अजून दोन झाडं उतरवायची होती. ती मुलांनी उतरवली, आणि आम्ही पडवीत दोन घमेली मांडली. एकात साधं पाणी. त्यात तरंगेल तो कोवळा. दुसऱ्यात लिटरला 25 ग्रॅम मीठ. त्यात तळाला बसेल त्याच्यात साक्याची शक्यता जास्त, कारण फळ जितकं जून तितकं पाण्याच्या मानाने जड. तात्या स्वतः वाकून एकेक आंबा सोडत होते. एखादा हळूहळू खाली जाऊन टेकला की त्यांचा हात तिथेच थांबायचा.

"बुडलेले पेटीत भरू नका," मी म्हटलं. "आधी पिकवून कापून बघू."

"नाहीच भरायचे," ते म्हणाले. "नाव जातं आमचं."

संध्याकाळी निघताना त्यांनी पडवीच्या भिंतीवर कोळशाने शेजारच्या बागेतल्या झाडांची ओळ मांडली आणि प्रत्येकापुढे आंबे किती आणे तयार आहेत ते लिहिलं. चार झाडांपुढे चौदा होते. "मॅडम, उद्या मुलांना पाठवाल? ही उद्याच उतरवतो."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आठही जणं झेले घेऊन बागेत हजर होती.