रॉकेल आणि ओलं गोणपाट

फेब्रुवारी २०१९ मधला शनिवार. पुण्यातल्या ज्या रेस्टॉरंटमध्ये मी वाइनचं काम बघत होते, तिथे रात्री दहा जणांचं टेबल लागणार होतं. एका काका-काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. काका कोल्हापूरचे, काकूंचं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे जेवणही दोन्हीकडचं ठरलं होतं. आधी बोंबील, मग बांगड्याचं तिखलं, त्यानंतर पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, सुकं मटण आणि शेवटी पुरणपोळी. त्यांची मुलगी जर्मनीत ट्रिअरला राहते. फोनवर तिने सांगितलं होतं, "प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळ्या प्रदेशाची वाइन हवी. बाबांना जगभर फिरायचं होतं, ते राहून गेलं. निदान एका रात्रीत तरी फिरवू या." येताना ती स्वतः मोझेल खोऱ्यातल्या रीसलिंग या व्हाइट वाइनच्या दोन बाटल्या आणणार होती.

आठवडाभर मी कागदावर जोड्या लावत होते. कागदावर सगळं छान जमलं होतं. पण चाखल्याशिवाय काही ठरवायचं नाही हा माझा नियम आहे, म्हणून शनिवारी दुपारी तीन वाजता बाटल्या आणि ग्लास घेऊन मी किचनमध्ये गेले.

किचनमध्ये कोल्हापुरी जेवण मावशी करायच्या. वय साठीच्या आसपास, कागलकडच्या. वाइनचा थेंबही त्यांनी कधी जिभेला लावलेला नव्हता आणि लावणारही नव्हत्या. पण त्यांच्या नाकावर माझा फार विश्वास होता. खोबरं भाजताना पाठ करून उभ्या असल्या तरी "आता उतरव, पुढं करपंल" असं त्या नुसत्या वासावरून सांगायच्या.

पहिली जोडी सरळ होती. रव्यातले कुरकुरीत बोंबील आणि दिंडोरीची फसफसणारी ब्रूट, म्हणजे जवळजवळ गोडी नसलेली वाइन. तळणाचा तेलकटपणा बुडबुडे आणि आंबटपणा मिळून पुसून काढतात, दुसरा घास पहिल्यासारखाच ताजा लागतो. तिथे थांबायचं कारण नव्हतं.

घोळ झाला तो तिखल्यापाशी. त्याच्यासाठी मी नाशिकची किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन धरली होती. मिरची आहे, तर थोडी गोडी हवी, असा सरळ हिशेब. घास खाल्ला, घोट घेतला आणि वाइन पार मेली. फळाचा गंध नाही, धार नाही, नुसतं साखरपाणी. मी मसाल्यात कारण शोधत होते. मावशी म्हणाल्या, "तिखटाचं न्हाई गं ते. आमसुलं बघ किती पडल्यात." बरोबर होतं ते. ताटातलं आंबट वाइनपेक्षा वरचढ झालं की वाइन सपक लागते. मिरचीकडे बघता बघता मी आमसुलं विसरले होते. आपल्या जेवणाला वाइन जमत नाही असं म्हणणारे लोक मला रोज भेटतात. त्यातले बहुतेक तिखटालाच बोल लावतात, पण चिंच, कोकम, कैरी, ताक या आंबटांचा विचार आधी करावा लागतो. कोकणातल्या माशाच्या कालवणाला तर हमखास.

मग मी पोर्तुगालची विन्यो व्हेर्दे उघडली. पोर्तुगालच्या वायव्येला मिन्यो नावाचा हिरवागार, पावसाळी प्रदेश आहे, तिथली ही वाइन. हलकी, जिभेवर जरा चुरचुरणारी, कच्च्या लिंबासारखी आंबट. तिखल्यासमोर ती ताठ उभी राहिली. तिरफळाची झिणझिण आणि तिची चुरचुर एकत्र आली तेव्हा मला एकटीलाच हसू फुटलं. बांगड्याबरोबर रेड देण्याचा प्रश्नच नव्हता. रेड वाइनमधल्या लोहामुळे माशाचा हिवस वास तोंडात मागे रेंगाळतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलेलं आहे. आमच्याकडे एखादा पाहुणा सुरमईबरोबर कॅबर्ने मागतो तेव्हा मी हेच समजावून सांगते.

शेनिन मात्र वाया गेली नाही. पांढऱ्या रश्श्याबरोबर ती अशी बसली की जणू त्याच्यासाठीच केली होती. खसखस, काजू, नारळाचं दूध, पांढरी मिरी असा तो सगळा मऊ, सौम्य ऐवज. तिथे तिची गोडी आणि मधासारखा गंध दोन्ही उठून दिसले.

तांबड्या रश्श्यासाठी काकांनी स्वतःची बाटली आधीच पाठवून दिली होती. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातली शिराझ, भरदार रेड, कुणीतरी भेट दिलेली, पंधरा टक्के अल्कोहोलची. वाइन उत्तम होती. पण रश्श्यावर तिचा घोट म्हणजे आगीत रॉकेल. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ज्या यंत्रणेला चेतवतं, तिलाच अल्कोहोलही चेतवतं. त्यात टॅनिनचा तुरटपणा. दोन घोटांत माझे डोळे भरून आले. ती बाटली मी बाजूला ठेवली आणि मुलीने सकाळी आणून दिलेली रीसलिंग उघडली. २००७ सालची श्पेटलेझ, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. अल्कोहोल जेमतेम आठ टक्के.

वास घेण्यासाठी मी ग्लास फिरवला. मावशी शेजारी कट काढत होत्या. त्यांनी मान वळवली. "रॉकेल कुठनं आलं हितं?"

मी ग्लास त्यांच्यासमोर धरला. त्यांनी अंतर राखूनच वास घेतला आणि ठामपणे म्हणाल्या, "ह्यालाच येतोय. खराब झाली की गं बाटली. मोठ्या लोकांना देऊ नकोस."

वाइनच्या वर्गात हा वास ओळखायला मला दीड वर्ष लागलं होतं. जुन्या रीसलिंगला रॉकेल-पेट्रोलसारखा वास येतोच. द्राक्षाच्या सालीत जे रंगद्रव्य असतं त्यातून बाटलीत वर्षानुवर्षं एक संयुग तयार होत जातं, त्याचा तो वास. दोष नाही तो, वयाची खूण आहे, आणि जाणकार त्यासाठीच अशी बाटली दहा-बारा वर्षं राखून ठेवतात. मावशींना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलेलं काही दिसलं नाही. पण मी रश्श्याचा चमचा तोंडात टाकून वर रीसलिंग घेतली तेव्हा त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. लिटरमागे सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर आणि तिला तोलून धरणारा जबरदस्त आंबटपणा. जाळ विझला, पण कांदा-लसूण चटणीची चव जागच्या जागी राहिली. माझ्या मते तांबड्या रश्श्याला याहून चांगला सोबती नाही, आणि हे मी वर्षभर वेगवेगळ्या बाटल्या लावून बघितल्यावर म्हणते आहे.

सुक्या मटणाला मी टस्कनीतली कियांती ठरवली होती. सांजोवेझे द्राक्षाची, आंबटपणा चांगला, टॅनिन मटणाच्या चरबीला पुरेल इतकं. सुक्यात पातळ कट नसल्यामुळे जाळ तोंडभर पसरत नाही, तिथे रेड चालते, फक्त थोडी गार द्यायची. बाटली एकच होती. आयात वाइनवर तेव्हा दीडशे टक्के शुल्क होतं, त्यामुळे महागाच्या बाटल्या आम्ही मोजूनच ठेवायचो. जेवणारे दहा, त्यात आजी आणि एक लहान मुलगा घेणार नाहीत. उरलेल्या आठ जणांना नव्वद मिलिलिटरप्रमाणे एक बाटली पुरत होती. दुपारी ती उघडायची नाही, रात्री तासभर आधी उघडू असं मी ठरवलं. तिथेच चूक झाली.

रात्री साडेआठला मंडळी आली. काका पांढऱ्या सदऱ्यात, काकूंच्या अंबाड्यात अबोलीचा वळेसर. काकांच्या आई, सत्त्याऐंशी वर्षांच्या, नऊवारीत, टेबलाच्या टोकाला ताठ बसलेल्या. मी प्रत्येक ग्लास ओतताना तो प्रदेश कुठे आहे, तिथली माती कशी, एवढंच दोन वाक्यांत सांगत होते. विन्यो व्हेर्देला काकू खुलल्या. वेंगुर्ल्याहून गोवा हाकेच्या अंतरावर, पोर्तुगीज शब्द कानावरून गेलेले. तिखल्याचा घास घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. रीसलिंगच्या वेळी मुलीने मोबाइलवर फोटो दाखवले. नदीवर झुकलेले मोझेलचे उभे कडे, पायाखाली काळी पाटीची खपली, दिवसभर तापून रात्री ऊब देणारी. "या उतारावर माणसं दोर लावून द्राक्षं तोडतात, बाबा." काका रस्सा ओरपत होते, घाम पुसत होते आणि परत ग्लासकडे वळत होते. "गोड वाइन मटणाच्या रश्श्यावर! कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं."

या सगळ्या धावपळीत कियांतीला उशीर झाला. दुसऱ्या दोन टेबलांवर लोक खोळंबले होते. किचनच्या दाराशी उभं राहूनच मी बूच काढलं, घाईने वास घेतला. आत मिरच्या तळत होत्या, नाक भरून गेलेलं. वास दबलेला वाटला, पण वाइन गार आहे, उघडेल थोड्या वेळाने, अशी मी स्वतःची समजूत घातली. काकांना चव दाखवली. ते म्हणाले, "छान आहे." मी दोन ग्लास भरले.

तेवढ्यात आजींनी काकांचा ग्लास हातात घेतला. संध्याकाळभर त्या प्रत्येक ग्लासचा नुसता वास घेत होत्या, तशीच ही त्यांची मजा. कियांतीचा वास घेऊन त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि लेकाला म्हणाल्या, "बाळू, हे पिऊ नकोस. भिजलेल्या गोणपाटाचा वास येतोय. पावसात पेंडीची पोती भिजली की यायचा, तसला."

टेबलावर हशा पिकला. माझ्या मात्र पोटात खड्डा पडला. मी ग्लास उचलून खिडकीशी गेले, मोकळ्या हवेत पुन्हा वास घेतला. ओलं गोणपाट, ओला पुठ्ठा, बंद खोली. बुचाचा दोष. बुचाच्या सालीत बुरशी आणि क्लोरीनची संयुगं एकत्र आली की टीसीए नावाचं एक रसायन तयार होतं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाचं नाक ते पकडतं, आणि त्याहून कमी असलं तर वास कळत नाही, पण वाइनमधलं फळ मात्र मरून जातं. प्रकृतीला अपाय नसतो. ग्लासात कितीही फिरवा, वाट बघा, वास जात नाही, वाढतोच.

परत येऊन मी सांगितलं, "काका, आजींचं बरोबर आहे. बाटलीत दोष आहे. ही मी परत घेते आहे." काका संकोचले. "अहो राहू द्या, एवढी महागाची आहे. मला तर काही कळलंसुद्धा नाही." वाढप्यांचा कॅप्टनही मागून खुणावत होता की पाहुण्यांची तक्रार नाही तर कशाला. पण मला ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांना कळलं नाही म्हणून त्यांच्या चाळीस वर्षांच्या जेवणात मेलेली वाइन ओतायची? काकांना वाटलं असतं, कियांती म्हणजे अशीच असते. टस्कनीची त्यांची सफर तेवढ्यावरच संपली असती. मी दोन्ही ग्लास उचलले, बाटली नेली. मटण गरम होतं आणि माझ्याकडे दुसरी कियांती नव्हती.

रॅकसमोर उभी राहिले तेव्हा हात आपोआप फ्रातेल्लीच्या सांजोवेझेकडे गेला. द्राक्ष तेच, टस्कनीचंच. फक्त वाढलेलं सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या माळावर. भारतीय आणि इटालियन कुटुंबांनी मिळून उभा केलेला हा मळा, वाइन करणारे पिएरो मासीही टस्कनीचेच. इटलीत हिवाळ्यात वेल झोपते, आपल्याकडे झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करून पीक जानेवारी ते मार्चच्या कोरड्या दिवसांत आणावं लागतं. निफाडला माझ्या वडिलांची खायच्या द्राक्षांची बाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत घरात दुसरा विषय नसायचा. मी या कामात आले तेव्हा वडिलांनी वर्षभर गावात कुणाला सांगितलं नव्हतं, मुलगी हॉटेलात आहे एवढंच म्हणायचे. बाटली उचलताना ते का आठवलं माहीत नाही, पण आठवलं.

या वेळी मी आधी बाहेर व्हरांड्यात गेले, बूच काढलं, नाक स्वच्छ होईपर्यंत थांबले, मगच वास घेतला. चेरी, थोडी माती, थोडा मसाला. जिवंत.

"ही कुठली?" काकांनी विचारलं.

"द्राक्ष टस्कनीचं, रान अकलूजचं."

"अकलूज?" आजी म्हणाल्या. "तिथं तर ऊस असतो." मग हात पुढे करून, "आण इकडं."

मी पहिला ग्लास त्यांच्याकडे दिला. त्यांनी सावकाश वास घेतला, एकदा, परत एकदा. सगळं टेबल थांबलं होतं. "हं," म्हणाल्या, "हिला पिकल्या करवंदाचा वास आहे." आणि ग्लास लेकासमोर ठेवला.

कियांतीपेक्षा ती जरा भरदार होती आणि आमच्या सुक्या मटणाला उलट जास्तच शोभली. आजही मी त्या मटणाला पहिल्यांदा तीच सुचवते. पुरणपोळीबरोबर पोर्तुगालच्याच दुरो खोऱ्यातली दहा वर्षं जुनी टॉनी पोर्ट ही गोड वाइन दिली. गोडाबरोबरची वाइन गोडाहून गोड हवी, नाही तर ती आंबट लागते. गूळ, जायफळ आणि पोर्टमधला अक्रोडासारखा वास एकमेकांत मिसळून गेले. काकूंनी पोळीवर तुपाची धार धरली आणि मुलाबाळांनी टाळ्या वाजवल्या.

सदोष बाटली मी बूच लावून, चिठ्ठी चिकटवून वितरकाला परत द्यायला बाजूला ठेवली. अकराच्या पुढे टेबल उठलं. किचनमध्ये मावशी पातेली आवरत होत्या. आजींची गोष्ट मी त्यांना सांगितली. रीसलिंगच्या बाटलीत तळाशी दोन बोटं उरली होती, ती ग्लासात ओतून मी ओट्यावर ठेवली. मावशींनी हात पुसले, ग्लास उचलला, या वेळी नाकाच्या अगदी जवळ नेला.

"रॉकेलच हाय," त्या म्हणाल्या. थोड्या थांबल्या. "पण मागनं मध येतोय."