तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात दातांना तारा कशाला?

प्रश्न दोन सुरांत येतो. बाररूममध्ये तो थट्टेने येतो, "वकीलसाहेब, पुन्हा बोहल्यावर चढायचा विचार आहे की काय?", आणि नात्यातल्या लग्नकार्यात काळजीने येतो, "चव्वेचाळिसाव्या वर्षी हा छळ कशाला?" अलीकडे त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. माझ्याच वयाची माणसे मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात की, डॉक्टर कसा निवडलात? या तिन्ही प्रश्नांना मी आजवर "डॉक्टरांनी सांगितले" एवढेच उत्तर देत आलो. ते खोटे नाही, पण त्याने कोणाचे समाधान झालेले मी पाहिलेले नाही.

"हे लहानपणीच करायला हवे होते," असे जे म्हणतात, त्यांना प्रथम हे सांगायला हवे की लहानपणी माझे दात सरळ होते. कॉलेजात असताना किडलेली खालची एक दाढ काढली, ती जागा तशीच रिकामी राहिली आणि पलीकडची दाढ हळूहळू त्या जागेत कलली. वरचे पुढचे दात पुढे येऊन त्यांच्यात फटी पडू लागल्या त्या चाळिशीनंतर. साक्षीदाराला प्रश्न विचारताना "स"मधून हवा निसटायची आणि टंकलेखकाला शब्द पुन्हा विचारावा लागायचा. म्हणजे हे दुखणेच या वयातले आहे. ते मी जुन्या हौसेपोटी उकरून काढलेले नाही.

हे झाले बचावाचे म्हणणे. खरे सांगायचे तर टंकलेखकासाठी मी दवाखान्याची पायरी चढलो नाही. पुतणीच्या लग्नाच्या चित्रफितीत मी हसताना ओठावर हात ठेवतो आहे, आणि तो एकदा नव्हे तर प्रत्येक वेळी ठेवतो आहे, हे दिसल्यावर चढलो. दहा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने तारा लावल्या तेव्हा, दात चावायला असतात, मिरवायला नव्हे, असे मी चारचौघांत सुनावले होते. त्या वेळच्या माझ्याशी मी अजून वाद घालतो. सरळ दात आपसूक मिळालेल्याने असे बोलणे सोपे असते हे खरे. पण प्रत्येक दातातून गिऱ्हाईक शोधणारा बाजार उभा राहिला आहे, हा त्याचा संशय मला आजही चुकीचा वाटत नाही.

कारण पहिल्याच दवाखान्यात मला तो बाजार भेटला. तोंडात स्कॅनर फिरवून पडद्यावर माझे भावी हसू दाखवण्यात आले, पारदर्शक अलाइनर (तारांऐवजी दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे) आणि मासिक हप्ते यांचा तक्ता हातात ठेवण्यात आला आणि येत्या रविवारी सुरुवात करू असे सांगण्यात आले. एक्स-रे नाही, हिरड्यांची तपासणी नाही, इतर आजारांची चौकशी नाही. पडद्यावरचे ते हसू मला आवडले होते, हेही नमूद करतो.

बायकोच्या आग्रहाखातर दुसरे मत घ्यायला ज्या ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी आधी ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून आणायला लावला. मग खुर्ची मागे झुकवून मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीत घालून त्या खोली मोजू लागल्या. आकडे त्या मोठ्याने म्हणत आणि शेजारची सहायक मुलगी ते लिहून घेई. मागच्या बाजूला दोन, तीन, दोन असे चालले होते. पुढच्या दातांशी आल्यावर पाच झाले, मग सहा, पुन्हा सहा, आणि मधूनमधून "रक्त" हा शब्द. तीनपर्यंतची खोली निरोगी समजतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, पण मुलीचे पेन कुठे रेंगाळते आहे ते दिसत होते. विरुद्ध पक्षाची साक्ष चालू आहे आणि मला उलटतपासणीची मुभा नाही, अशी ती अवस्था होती, कारण तोंड उघडे होते.

मोजणी संपल्यावर त्यांनी विचारले, "घरात कोणाला मधुमेह?" वडिलांना होता, असे मी सांगितले. "त्यांचे दात?" पन्नाशीतच कवळी बसली होती, असे मी म्हणालो. आमच्या घरात त्याला वय झाले असेच म्हणत आणि मीही तीस वर्षे तेच समजत होतो. त्यांनी ते शांतपणे लिहून घेतले आणि म्हणाल्या, "तारा आत्ता लावणार नाही."

मी वाद घातला. पैशाची तयारी आहे, वेळ आहे, दुसरीकडे रविवारी सुरू करायला तयार आहेत, हे सगळे सांगितले. "तिथे लावून मिळतील, मी अडवू शकत नाही," त्या म्हणाल्या, "मी मात्र लावणार नाही." मग त्यांनी ओपीजीवर हाडाची रेघ दाखवली. पुढच्या दातांच्या मुळांशी ती बरीच मागे हटली होती. मागच्या दाढेचा आधार गेल्यामुळे चावण्याचा भार पुढे आला होता आणि ज्यांचे हाडच झिजले आहे ते दात त्या भाराने पसरत होते. दात सरकतो तो हाडातून. ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड विरघळते आणि मागे नवे तयार होते. हिरडीत सूज असताना तोच दाब दिला तर हाडाची झीज वाढते, आणि दात सरळ होतो पण हलू लागतो. "म्हणजे दात पडणार?" असे मी विचारले. "आज नाही," एवढेच उत्तर मिळाले.

जिना उतरताना मला भीती वाटली नाही, राग आला. पैसे घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असा तो राग होता, आणि तो कित्येक दिवस टिकला. तरी गेलो त्यांच्याकडेच. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर, तपासली तर ६.२ निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि मधुमेहात हिरड्यांचे दुखणे बळावते. हिरड्यांच्या तज्ज्ञांनी बधिर करून मुळांपर्यंतची सफाई केली. सूज उतरल्यावर हिरड्या आकसल्या, दात लांब दिसू लागले आणि फटी आणखी रुंदावल्या. एकही तार न लागता पैसे जात होते आणि चेहरा आधीपेक्षा वाईट दिसत होता. तो काळ अटळ होता असे ऑर्थोडॉन्टिस्ट बाई म्हणतात. माझे मन अजून पुरते मानत नाही.

तेव्हा डॉक्टर कसा निवडावा, याला माझ्याकडे असलेले उत्तर एवढेच: जो लगेच सुरू करत नाही त्याचे ऐकून घ्यावे. बाकीचे तपशील शोधणे अवघड नाही. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीची 5 वर्षे झाल्यावर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये 3 वर्षांची एमडीएस ही पदव्युत्तर पदवी केलेली आहे का आणि राज्याच्या दंत परिषदेत नोंद आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. बऱ्याच दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट ठरावीक दिवशीच बाहेरून येतात. तेव्हा तार सुटून गालाला टोचू लागली तर कोण पाहणार, हे आधी विचारावे. आणि काहीच केले नाही तर काय होईल, हेही विचारावे. संमती घेताना धोके आणि पर्याय सांगितले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच म्हटले आहे. दवाखान्यातले छापील संमतिपत्र वाचताना मला त्याची आठवण होते आणि हसू येते.

तयारीचे म्हणाल तर हिरड्या सावरल्यावर जिल्हा न्यायालयाच्या मे महिन्याच्या सुट्टीत तारा बसवून घेतल्या, म्हणजे गाल सोलवटण्याचे आणि बोबडे बोलण्याचे दिवस घरात निघाले. तार धरण्यासाठी दातांवर चिकटवतात त्या ब्रॅकेटपैकी दातांच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेटचा मोह आवरला, कारण हळदीने त्यांवरची रबरे पिवळी पडतात आणि आमटी मी सोडणार नव्हतो. ऊस आणि चिक्की बंद झाली, भाकरी कुस्करून चालते. वकिलीच्या बॅगेत आता दातांच्या फटींतला बारीक ब्रश आणि टोचणाऱ्या तारेवर लावायच्या मेणाची डबी असते. रिकाम्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, शेवटी बसेल. तो हाडालाच पक्का धरतो, दातासारखा सरकत नाही, म्हणून आधी बाकीच्यांनी जागेवर यायचे. तारा निघाल्यावर दातांमागे बारीक तार कायमची राहील, कारण हाड गेलेले दात पुन्हा पसरू पाहतात. दोन वर्षांत सुटका, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ऐकून ठेवावे.

आता फटी जवळजवळ मिटल्या आहेत. पुढच्या दोन दातांमध्ये हिरडीपाशी एक काळा त्रिकोण मात्र राहणार, कारण तिथली हिरडी परत भरत नाही. त्याने चावण्यात किंवा बोलण्यात काही फरक पडत नाही, केवळ दिसण्यासाठी दातांच्या रंगाचे साहित्य लावून तो झाकता येतो, पण सफाईच्या दृष्टीने न लावलेले बरे, असे बाईंचे मत आहे. मागच्या भेटीत मी त्याचा खर्च विचारून आलो आहे.