मसल, उंदीर आणि शिनाणे

गेल्या पावसाळ्यात एका इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करत होते. माशांचं प्रकरण सुरळीत झालं, शिंपल्यांपाशी गाडी अडली. एकाच रश्श्यात ऑयस्टर, क्लॅम आणि मसल. आणि माझ्याजवळचा शब्दकोश तिन्हींना 'शिंपला' म्हणून मोकळा. कालवं आणि तिसऱ्या घरात येतात, त्यामुळे पहिले दोन सुटले. मसल राहिला. त्यात मूळ पुस्तकात एके ठिकाणी 'mussel'ऐवजी चुकून स्नायूवाल्या मसलचं, 'muscle' असं स्पेलिंग पडलेलं. मी घाईत 'स्नायू स्वच्छ धुऊन घ्या' असं लिहून गेले. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी लाल खूण केली तेव्हा फार वाईट वाटलं. चूक दुरुस्त केली, पण दोन्ही शब्दांचा उच्चार अगदी एक कसा, हे डोक्यातून जाईना.

व्युत्पत्तिकोश काढून बसले. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'मुस्कुलुस'चे. 'मूस' म्हणजे उंदीर, 'मुस्कुलुस' म्हणजे छोटासा उंदीर! आपला मूषक, इंग्रजांचा माउस आणि हा मूस एकाच मुळाचे. ग्रीकमध्ये तर उंदीर, स्नायू आणि हा शिंपला तिन्हींना एकच शब्द. फ्रेंचांनी मुस्कुलुसचा 'मूल' केला. जर्मनांनी 'मुशेल' करून तो सरसकट सगळ्या शिंपल्यांना लावला. इंग्रजीत दोन वेगळी स्पेलिंगं पुरती रुळायला १९वं शतक उजाडलं.

स्नायूतला उंदीर लगेच पटला. हात दुमडला की दंडात कातडीखाली काहीतरी सरकतं. लहानपणी मामा दंड फुगवून म्हणायचा, "बघ, बेटकुळी!" जिथे रोमनांना उंदीर दिसला तिथे आपल्या लोकांना बेडकी दिसली. हे वाचताना मी खरंच हात दुमडून पाहिला.

शिंपल्यातला उंदीर मात्र कागदावर दिसेना. दिवाळीत मालवणला मावशीकडे गेले, तेव्हा मासळीबाजारात एका काकींच्या टोपलीत तो सापडला. "शिनाणे गो बाय, खडपावरचे," काकी म्हणाल्या. एक उचलून हातात घेतला. बोटभर लांब, एका टोकाला निमुळता, दुसरीकडे गोलसर. पाठ काळपट-हिरवी, गुळगुळीत, ओली. फटीतून तपकिरी धाग्यांचा झुपका बाहेर आलेला. याच धाग्यांनी तो खडकाला घट्ट चिकटून राहतो. झुपक्याला धरून उचलला, आणि ओला उंदीर शेपटीने उचलावा तसाच दिसला. कोशातल्या ओळीवर माझा विश्वास बसला तो तिथे.

मावशीने ते धागे सुरीने न कापता निमुळत्या टोकाकडे ओढून काढले. त्या दिवशी तिखल्याला, म्हणजे त्यांच्या तिखट कालवणाला, बसायच्या आधी मी ते वहीत लिहून ठेवलं.

आता हस्तलिखितात सगळीकडे 'शिनाणे' आहे. घाटावरच्या वाचकांसाठी पहिल्या उल्लेखाशी 'काळपट-हिरवे, लांबट शिंपले' एवढं जोडलंय. आणि जिथे माझी चूक झाली होती तिथे वाक्य आहे: 'शिनाणे स्वच्छ धुवा, धागे ओढून काढा.'