तुम्ही विचारलंत म्हणून: मास्कचे पैसे का घेतले?

हो, घेतले. शिलाई आठ रुपये, कापड माझं असेल तर पंधरा. हळदीकुंकवाला गेलं तरी कुणीतरी विषय काढतंच: "कोरोनात सगळे फुकट वाटत होते, तुम्ही पैसे लावलात म्हणे?"

मार्च २०२० च्या शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीसोबत ह्यांचा पगारही बंद झाला. वडगावातले माग गप्प झाले. शहापुरातल्या आमच्या घरात चालू होतं ते माझं मशीन. तेल-तांदूळ रोखीनं देणाऱ्या किराणावाल्याला मात्र असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

गल्लीतल्या मंडळाची पोरं आली तो दिवस सांगते. दोनशे मास्क, उद्या संध्याकाळपर्यंत. सोबत मिरवणुकीतलं उरलेलं भगवं सॅटिन. मी म्हटलं, हे चालत नाही, यातून श्वास घेता येत नाही, कडा उसवतात. सुती आणा, तीन पदर करू, चुण्या खाली तोंड करून घालू म्हणजे धूळ साठणार नाही. मीटरभर पॉपलिनमध्ये असे सहा-सात बसतात. एक जण म्हणाला, "काकू, फोटोत भगवं उठून दिसतंय की." बरं, सॅटिन तर सॅटिन, आतून अस्तर लावते, शिलाई आठ रुपये. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. "गल्लीचं काम आहे काकू, शिलाई कसली?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "दे गं शिवून. लोक काय म्हणतील?"

लोकांसमोर. मी "आठच" म्हटलं आणि दार लावलं. पोरं परत आली नाहीत.

त्या रात्री सासूबाईंनी ट्रंकेतलं जुनं सुती लुगडं काढलं आणि कात्री माझ्यापुढं सरकवली. "तू घे तुझे पैसे. हे माझ्या नावानं फुकट जातील." दुकानं बंद, इलास्टिक मिळेना, त्यांनी लुगड्याच्या काठाच्या नाड्या केल्या, हातानं टाके घालून. टीप मी मारली. रागानं मारली, हेही लिहिते. सकाळी कचरा गोळा करणाऱ्या बायकांना, दूधवाल्याला, समोरच्या म्हाताऱ्याला त्या दारातूनच देत होत्या आणि सगळे त्यांना हात जोडत होते. ते मास्क कुणी शिवले, हे एकानंही विचारलं नाही. तेव्हा फार लागलं होतं. आता वाटतं, लुगडं त्यांचंच होतं, आणि तसं त्यांच्याकडं दुसरं नव्हतं. पण लगेच हेही वाटतं की माझी रात्र माझी होती, तिची किंमत कोण धरणार?

एक आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका, यायची. फिरून फिरून तिची चप्पल झिजलेली. तिच्याकडूनही घेतले मी, पाच मास्कचे चाळीस. तिनं मोजून दिले, मी मोजून घेतले. सासूबाईंना ते अजून खटकतं. मला? कधी खटकतं, कधी नाही. त्या चाळीसांत दोन दिवसांचं दूध आलं, एवढं नक्की.

त्याच मंडळातला एक जण आता पॅन्ट आखूड करायला आणतो. साठ रुपये देतो, घासाघीस करत नाही. मास्कचा विषय त्यानं कधी काढलेला नाही. सासूबाई काढतात, पाहुणे आले की हमखास. मग आमचं परत जुंपतं.