नोंद पाचवी: पान बदलतं, आकडे मात्र कालचेच

चोपडा तालुक्यातल्या आमच्या केळीच्या बागांचं पाणी-खत लिहून ठेवायला मी जे छोटं वेब ॲप करतोय, त्याचे गेले दोन आठवडे एकाच गोष्टीत गेले. फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) नाही. साधी जावास्क्रिप्ट, एकच एचटीएमएल फाईल आणि तीन पानं: बागांची यादी, एका बागेची पाण्याची पाळी, नकाशा. पत्त्यातला हॅश (# नंतरचा भाग) बदलला की जुना विभाग लपतो, नवा दिसतो.

अप्पा कांदेबागेचं (हिवाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीचं) पाणी सोडून आले, मोबाईल बघितला आणि म्हणाले, "हाई ते कालनंच दखाडस रे." खरंच होतं. आकडे आणायचा सगळा कोड मी डीओएमकंटेंटलोडेडमध्ये ठेवला होता, आणि ती घटना डॉक्युमेंट उघडताना एकदाच घडते. हॅश बदलला तरी डॉक्युमेंट तेच राहतं.

मग तोच कोड उचलून हॅशचेंजमध्ये, म्हणजे हॅश बदलला की घडणाऱ्या घटनेत टाकला. ॲप पहिल्यांदा उघडताना हॅशचेंज होत नाही, म्हणून तेवढी एक हाक सुरुवातीला हातानं दिली. (पत्ता बदलायला हॅशऐवजी पुशस्टेट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा: पुशस्टेटनं पॉपस्टेट ही घटना घडत नाही, ती ब्राउझरमध्ये मागे-पुढे जातानाच घडते.) आकडे ताजे झाले आणि खरा त्रास तिथून सुरू झाला.

मोटर बंद करायला किती मिनिटं उरली, हे पाळीच्या पानावर दिसतं. यादीत जाऊन परत आलो की मिनिटं दुप्पट वेगानं उतरायची, तिसऱ्यांदा तिप्पट. प्रत्येक वेळी नवा सेटइंटरव्हल (ठरावीक अंतरानं चालणारा टाइमर) लागत होता आणि जुना कोणी थांबवत नव्हता. नकाशाच्या पानावर तर लीफलेट या नकाशाच्या लायब्ररीनं सरळ चूक फेकली: या डब्यात नकाशा आधीच उभा आहे.

इथे मला शेतातलंच उदाहरण सुचलं. ठिबकच्या नळ्या आपण एकदा अंथरतो, व्हॉल्व्ह दर पाळीला उघडतो आणि पाळी संपली की बंद करतो. मी दर पाळीला नळ्याच नव्यानं अंथरत होतो आणि व्हॉल्व्ह बंद करतच नव्हतो. आता प्रत्येक पानाला तीन फंक्शनं आहेत: उभारणी, प्रवेश, निरोप. नकाशा उभारणीत एकदाच बनतो. प्रवेशात फक्त इनव्हॅलिडेटसाईझ (नकाशाला डब्याचं माप पुन्हा घ्यायला लावणं), तेही विभाग दिसायला लागल्यावरच, कारण लपलेल्या डब्याची रुंदी शून्य असते आणि नकाशा अर्धा करडा राहतो. टाइमर निरोपात थांबतो. उरलेली मिनिटंही आता एकेक वजा करत नाही, मोटर बंद करायच्या वेळेतून आत्ताची वेळ वजा करतो.

निरोप हे तिघांतलं सगळ्यात मोलाचं फंक्शन आहे असं माझं ठाम मत झालंय. आमच्या शिवारात नेटवर्क मंद. एका बागेचे आकडे मागवून मी दुसरीवर गेलो, तर पहिलीचं उत्तर उशिरा येऊन दुसरीच्या पानावर बसायचं. खताची मात्रा चुकवणारी चूक आहे ही! आता प्रत्येक प्रवेशाला नवा ॲबॉर्टकंट्रोलर (चालू काम रद्द करायची सोय) बनतो, त्याचा सिग्नल आकडे मागवणाऱ्या फेचलाही देतो आणि त्या पानाच्या घटना ऐकणाऱ्या लिसनरांनाही. निरोपात एक ॲबॉर्ट केला की सगळं सुटतं. रद्द झालेला फेच ॲबॉर्टएररनं बाहेर पडतो, तेवढा कॅचमध्ये (चुका पकडणाऱ्या भागात) वेगळा काढा, नाहीतर वापरणाऱ्याला उगीच लाल पट्टी दिसेल.

बाग १ वरून थेट बाग २ वर गेलं की मात्र काहीच हलत नव्हतं. माझा राउटर (कोणतं पान दाखवायचं ते ठरवणारा कोड) फक्त पानाचं नाव ताडून बघत होता, आणि नाव तर दोन्हीकडे 'पाळी'च. आता नावासोबत बागेचा क्रमांकही ताडतो. व्ह्यू हे फ्रेमवर्क वापरणाऱ्या मित्रांनाही हे भेटलं असेल: पत्त्यातला क्रमांकच बदलला तर व्ह्यू तोच कंपोनंट (पानाचा तुकडा) पुन्हा वापरतो, तो उभा राहताना चालणारं माउंटेड परत चालत नाही, क्रमांकावर लक्ष ठेवणारा वॉच लावावा लागतो.

शेवटचं सापडलं ते हवामानाच्या दुव्यावरून मागे येताना. ब्राउझरनं पान जसंच्या तसं स्मृतीतून काढून दिलं, लोड झालंच नाही. पेजशो (पान समोर आलं की घडणारी घटना) ऐकून तिच्यातलं पर्सिस्टेड (पान स्मृतीतून आल्याची खूण) खरं असेल, तर आधी निरोप आणि मग प्रवेश अशी जोडी चालवतो.

यादीत परत आल्यावर स्क्रोल वरच जातो, ते अजून बाकी आहे. निरोपात जागा जपून प्रवेशात परत द्यायचा विचार आहे, पण आकडे येण्याआधी यादी लहान असते आणि स्क्रोल मध्येच अडतो. पुढच्या रविवारी त्यावर बसतो.